किल्ल्यांचा ताबा कोणाकडे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात ओपनएसएसएल या मुक्तस्रोत क्रिप्टोग्राफी लायब्ररीविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. ३.० या आवृत्तीत किल्ल्या तयार करणे, वाचणे, साठवणे आणि वापरणे यांसाठीचे इंटरफेस नव्याने बांधले गेले, एवढाच उल्लेख त्यात ओझरता आला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. ‘की’ हा शब्द मराठीत अव्ययाशी घोटाळा करतो, म्हणून सर्वत्र ‘किल्ली’, म्हणजे मजकूर गुप्त करण्यासाठी किंवा सही करण्यासाठी लागणारी संख्या, असे म्हटले आहे. फंक्शनांची नावे मात्र आहेत तशीच, देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २००९ च्या सुमारास सी भाषेत लिहिलेली एक प्रणाली आजही चालू आहे. आरएसए या गुप्तलेखन आणि सहीच्या पद्धतीतील किल्लीच्या स्ट्रक्चरमधून हवे ते आकडे आम्ही थेट उचलत होतो. १.१.० आवृत्तीनंतर तो कोड कंपाइल होईना. तो कसाबसा दुरुस्त केला, तोच ३.० आली आणि आता इशाऱ्यांनी पडदा भरून जातो. आरएसएचे गणित तर तसूभरही बदललेले नाही. मग चालत्या गाडीला खीळ घालण्याचे कारण काय?
— एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : आपला त्रास खरा आहे आणि तो सोसणारे आपण एकटे नाहीत. परंतु गणित बदलले नाही म्हणून इंटरफेसही बदलायला नको होता, हे अनुमान मात्र आम्हाला पटत नाही.

ओपनएसएसएलची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९८ मधली; तिचा पाया म्हणजे एरिक यंग आणि टिम हडसन यांनी ऑस्ट्रेलियात लिहिलेली एसएसएल-ईएवाय ही लायब्ररी. त्या काळी आरएसए किल्ली म्हणजे ‘एन’, ‘ई’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ या मोठ्या आकड्यांना एकत्र बांधणारे एक स्ट्रक्चर होते आणि ते हेडर फाइलमध्ये सर्वांसाठी उघडे होते. ज्याला जो आकडा हवा त्याने तो वाचावा, वाटल्यास बदलावा. घरातल्या चार माणसांपुरते हे सोयीचे असते. पण जगभरच्या कार्यक्रमांनी (प्रोग्रामांनी) त्या स्ट्रक्चरमध्ये हात घालायला सुरुवात केली की लायब्ररी लिहिणाऱ्याचे हात बांधले जातात, कारण एक जादा रकाना घातला तरी आधी कंपाइल झालेला प्रत्येक कार्यक्रम चुकीच्या जागी वाचू लागतो. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. वेगासाठी लायब्ररी ‘एन’वरून काही मध्यंतरीचे हिशेब करून त्याच स्ट्रक्चरमध्ये राखून ठेवते. आपण बाहेरून ‘एन’ बदललात, तर राखून ठेवलेला हिशेब जुन्याच ‘एन’चा राहतो आणि लायब्ररीला त्याचा पत्ताही नसतो. तिसरी अडचण अशी की, ज्या किल्लीचा खासगी भाग एखाद्या हार्डवेअर उपकरणात बंद आहे, तिच्या स्ट्रक्चरमध्ये ‘डी’ची जागा रिकामीच असते, ‘डी’ हातात येईलच असे गृहीत धरणारा कोड तेथे आपटतो.

२५ ऑगस्ट २०१६ रोजी आलेल्या १.१.० आवृत्तीने हे स्ट्रक्चर झाकले आणि आकडे मागण्यासाठी ‘आरएसए_गेट०_की’सारखी फंक्शने दिली. आपला कोड मोडला तो येथे. ७ सप्टेंबर २०२१ रोजी आलेल्या ३.० आवृत्तीने त्यापुढचे पाऊल टाकले : ‘आरएसए_’, ‘डीएसए_’, ‘ईसी_की_’ अशा उपसर्गांच्या, एकेका अल्गोरिदमला बांधलेल्या फंक्शनांपैकी बहुतेक कालबाह्य ठरवली, आणि किल्ली ‘प्रोव्हायडर’ नावाच्या स्वतंत्र मॉड्यूलच्या ताब्यात दिली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्या हाती बिल्ला येतो. चपला कोणत्या फळीवर, कोणत्या खणात आहेत याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. ‘ईव्हीपी_पीकी’ हा असा बिल्ला आहे. तो दाखवून ‘या किल्लीने सही कर’, ‘या किल्लीने उकल’ असे काम सांगायचे. आकडे मागण्याची सोय अजून आहे, परंतु ती विनंती आहे आणि किल्ली सांभाळणारा ती नाकारू शकतो. आमच्या मते या साऱ्या पुनर्रचनेचा गाभा हाच आहे. किल्लीतले आकडे मागणारा कार्यक्रम आणि किल्लीकडून काम मागणारा कार्यक्रम हे दोन वेगळे प्राणी आहेत. जुना इंटरफेस पहिल्याला पोसत होता, नवा दुसऱ्याला पोसतो.

इशारे दडपून आपण आणखी काही काळ रेटू शकाल, पण एका जागी सांभाळा. बिल्ल्यावरून जुने आरएसए स्ट्रक्चर काढून देणारे ‘ईव्हीपी_पीकी_गेट०_आरएसए’ हे फंक्शन ३.० मध्येही आहे. मात्र किल्ली प्रोव्हायडरकडे असेल, तर हाती येते ती तिची नक्कल. त्या नकलेत आपण फेरफार केलात तर चूक दाखवली जात नाही, कार्यक्रमही थांबत नाही. केवळ तो फेरफार खऱ्या किल्लीपर्यंत पोहोचत नाही. परत मिळणारा पॉइंटर आता ‘कॉन्स्ट’, म्हणजे केवळ वाचण्यापुरता, केला आहे तो यासाठीच. कंपाइलरची तक्रार मिटवण्यासाठी कोणी तेथे टाइप-कास्ट केले असेल, तर आपल्या २००९ च्या कोडमधली ती ओळ सर्वांत आधी शोधावी.

प्रश्न : नवीन इंटरफेसमध्ये किल्लीचा प्रत्येक भाग ‘ओएसएसएल_पॅरम’च्या यादीतून, नावाने, म्हणजे साध्या स्ट्रिंगने द्यावा आणि घ्यावा लागतो. कंपाइलरची प्रकार-तपासणी सोडून अक्षरांवर भिस्त ठेवणे ही मला तरी माघार वाटते. आपले मत काय?
— संगणकशास्त्राच्या एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : माघार आहे, हे मान्य करूनच पुढचे लिहितो. प्रश्न एवढाच की ती कशाच्या बदल्यात पत्करली.

‘ओएसएसएल_पॅरम’ हे पाच रकान्यांचे छोटे स्ट्रक्चर आहे : नाव, प्रकार, माहितीचा पत्ता, तिचा आकार, आणि उत्तर देणाऱ्याने भरायचा परतीचा आकार. लायब्ररीचा गाभा आणि प्रोव्हायडर यांच्यात जी देवाणघेवाण होते, ती अशा स्ट्रक्चरांच्या यादीतून. हे दोघे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी कंपाइल केलेले असू शकतात. एकाला दुसऱ्याचे अंतरंग ठाऊक असण्याची खात्री नसते. अमेरिकी सरकारी मानकानुसार तपासून घेतलेले फिप्स मॉड्यूल तर प्रमाणपत्र मिळाल्यावर वर्षानुवर्षे तसेच राहते आणि त्याच्याभोवतीची लायब्ररी पुढे सरकत असते. अशा दोघांनी सी भाषेतले एकच स्ट्रक्चर वाटून घेतले, तर पुन्हा पहिल्या प्रश्नातल्या चिखलातच पाय रुततील. म्हणून दोघांना समजेल अशी, नवीन नाव आले तरी न मोडणारी बोली निवडली गेली. तिचे फळ डोळ्यांसमोर आहे. क्वांटम संगणकाला पुरून उरतील अशा अल्गोरिदमांची अमेरिकी मानके १३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. पण तशा किल्ल्या ओपनएसएसएलमध्ये वापरून पाहणाऱ्यांनी त्याआधीच ओक्यूएस-प्रोव्हायडर हे बाहेरचे मॉड्यूल जोडून काम सुरू केले होते, आणि त्यासाठी गाभ्यातली एकही ओळ बदलावी लागत नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये ३.५ आवृत्तीत एमएल-केईएम, एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए हे त्यांपैकी तीन अल्गोरिदम लायब्ररीतच आले. जुन्या पद्धतीत या प्रत्येकासाठी नवे स्ट्रक्चर आणि नवी फंक्शन-मालिका उभी करावी लागली असती.

आता किंमत. नावात एक अक्षर चुकले तर कंपाइलर गप्प बसतो; आणि न ओळखलेले नाव प्रोव्हायडर बहुधा मुकाट्याने सोडून देतो, कारण उद्या येणाऱ्या नावांसाठी तसे सोडून देणे त्याला भागच असते. एखादा ऐच्छिक पर्याय आपण दिला असे समजून चालावे आणि तो कधी लागूच झालेला नसावा, ही चूक चाचणीतही सहज निसटते. दुसरा खड्डा बाइटांच्या क्रमाचा. या यादीतील पूर्णांक त्या त्या यंत्राच्या स्वाभाविक क्रमाने ठेवायचे असतात. मानकांमधून, फाइलींमधून आणि नेटवर्कवरून येणारा आरएसएचा ‘एन’ मात्र मोठा बाइट आधी, अशा क्रमात असतो, आणि आपले नेहमीचे संगणक नेमके उलट क्रमाचे असतात. बाइट जसेच्या तसे दिले तर किल्ली वेगळीच होते. तिसरा खड्डा आम्हाला सर्वांत चीड आणणारा वाटतो : ‘प्रिव्ह’ या एकाच नावाने खासगी भाग द्यायचा असतो, पण ईसी (एलिप्टिक कर्व्ह) किल्लीसाठी तो पूर्णांक म्हणून आणि एक्स२५५१९ या तशाच एका वक्रावरच्या किल्लीसाठी बाइटांची माळ म्हणून. दोन्हीमागे गणितातले आणि मानकांतले कारण आहे. परंतु वापरणाऱ्याने ते पाठ करावे ही अपेक्षा रास्त नाही.

विद्यार्थ्यांना शिकवताना आपण तीन सवयी लावू शकाल. नावे हाताने न लिहिता हेडरमधील स्थिरांक वापरणे. यादी स्वतः न रचता ‘ओएसएसएल_पॅरम_बीएलडी’ या बांधणीच्या साधनाकडून रचून घेणे, म्हणजे मोठ्या आकड्यांचा बाइट-क्रम तेच सांभाळते. आणि प्रोव्हायडर कोणती नावे स्वीकारतो हे त्यालाच विचारणारी जी फंक्शने आहेत ती चाचणीत वापरणे. साधी नवी किल्ली हवी असेल, तर या यादीच्या वाटेलाही जाण्याचे कारण नाही; ‘ईव्हीपी_आरएसए_जेन’ आणि ‘ईव्हीपी_ईसी_जेन’ एका ओळीत काम करतात. अशी छोटी दारे आणखी बरीच हवी होती, असे आमचे मत आहे. प्रोव्हायडरशी बोलण्याची बोली आणि अनुप्रयोग लिहिणाऱ्याशी बोलण्याची बोली एकच ठेवणे हा या पुनर्रचनेतील सर्वांत कच्चा दुवा होय.

प्रश्न : विवरणपत्रे आणि निविदा भरताना आम्ही डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरतो. त्यातील किल्ली बाहेर काढता येत नाही असे सांगतात. मग सही करणारे सॉफ्टवेअर नेमके काय वाचते?
— एका सनदी लेखापालांचे साहाय्यक, कोल्हापूर

उत्तर : ते किल्ली वाचतच नाही. सॉफ्टवेअर दस्तऐवजाचा ठरावीक लांबीचा सारांश, म्हणजे हॅश, काढून टोकनकडे पाठवते. आपण पिन टाकल्यावर टोकनमधील चिप आतल्या आत सही करते आणि केवळ सहीचे बाइट बाहेर देते. टोकनशी बोलण्याच्या या पद्धतीचे प्रचलित मानक म्हणजे पीकेसीएस#११.

वर पुण्याच्या वाचकांना जे सांगितले, त्याचे आपल्या टेबलावरचे उदाहरण हेच. किल्ली म्हणजे फाइल असे धरून लिहिलेल्या इंटरफेसला अशा टोकनसाठी कोठेतरी चोरवाट काढावी लागते. ओपनएसएसएलमध्ये ती ‘इंजिन’ नावाने होती आणि ३.० मध्ये तीही कालबाह्य ठरवली गेली. त्याऐवजी किल्लीचा पत्ता देण्याची पद्धत आहे. १.१.१ आवृत्तीत आलेल्या ‘ओएसएसएल_स्टोअर’ला पत्ता द्यायचा, तो फाइलचा असू शकतो, किंवा ‘पीकेसीएस११:’ने सुरू होणारा टोकनचा. योग्य तो प्रोव्हायडर जोडलेला असेल, तर दोन्हीकडून मिळणारा बिल्ला एकाच जातीचा असतो आणि पुढचा कोड बदलावा लागत नाही.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी मिळून एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी लिहीत आहोत, आतील गणित मान्यताप्राप्त लायब्ररीचेच आहे, वरचा इंटरफेस आमचा. किल्ल्यांचा इंटरफेस आखताना इतरांच्या कोणत्या चुका टाळाव्यात?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : गणित उसने घेतलेत हे उत्तम केलेत. आता परतीच्या मूल्यांपासून सुरुवात करा, कारण तेथे झालेली चूक दिसत नाही. सही तपासणारे ‘ईव्हीपी_व्हेरिफायफायनल’ हे फंक्शन सही बरोबर असल्यास १, चुकीची असल्यास ० आणि तपासणीच न जमल्यास उणे १ देत असे. सी भाषेत शून्य सोडून सारे ‘खरे’ मानले जाते. परिणामी, उत्तर शून्य नाही एवढेच पाहणाऱ्या कोडला मुद्दाम बिघडवलेली सही खरी वाटे. गंमत अशी, आणि ती गंमत म्हणण्यासारखी नाही, की ही चूक बाहेरच्या कोणी नव्हे तर ओपनएसएसएलच्या स्वतःच्या कोडमध्येच अनेक ठिकाणी झालेली होती. जानेवारी २००९ मध्ये ०.९.८जे आवृत्तीत ती दुरुस्त झाली. इंटरफेस लिहिणाऱ्यांच्याच जो फरक लक्षात राहत नाही, तो इतरांच्या लक्षात कसा राहावा? तसेच ‘ईव्हीपी_पीकी_सीएमपी’चे. सी भाषेतील तुलना करणारी नेहमीची फंक्शने समान असल्यास ० देतात. हे समान असल्यास १ देई. ३.० मध्ये त्याचे नाव ‘ईव्हीपी_पीकी_ईक्यू’ केले. वर्तन तेच, पण नाव आता खरे बोलते.

दुसरी गोष्ट मालकीची. एखाद्या फंक्शनला दिलेली वस्तू नंतर मोकळी करायची कोणी? ओपनएसएसएलमध्ये याचे उत्तर नावातल्या अंकात दडलेले आहे : ‘सेट०’ असेल तर दिलेल्या वस्तूची मालकी तिकडे गेली, ‘सेट१’ असेल तर आपला वाटा आपल्याकडेच राहिला. ‘गेट०’ने मिळालेले उसने, ते मोकळे करायचे नाही, ‘गेट१’ने मिळालेले आपले, ते करायलाच हवे. नियम सुसंगत आहे, परंतु तो न वाचता कोड लिहिणाऱ्याकडून एकच स्मृती दोनदा मोकळी केली जाते किंवा मोकळी केलेली पुन्हा वापरली जाते, आणि खासगी किल्लीच्या बाबतीत हे दोन्ही अपघात महागात पडतात. मालकी कंपाइलरच तपासतो अशी भाषा तुम्हाला निवडता येत असेल, तर हा विषय तेथेच मिटतो.

तिसरी, धोक्याची दारे वेगळी ठेवा आणि त्यांवर पाटी लावा. पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररीने कच्ची साधने ‘हॅझमॅट’ या नावाच्या कप्प्यात ठेवली आहेत. घातक पदार्थांसाठी इंग्रजीत वापरतात तो हा शब्द. गूगलच्या टिंक लायब्ररीत किल्ल्यांचा संच एका हँडलमागे असतो आणि आतील गुप्त बाइट हवेच असतील, तर ‘असुरक्षित’ असा शब्द ज्याच्या नावातच आहे तो परवाना फंक्शनला द्यावा लागतो. याचा खरा लाभ कोड लिहिणाऱ्यापेक्षा तो तपासणाऱ्याला होतो : एक शब्द शोधला की किल्ली जेथे जेथे उघडी पडते ती सारी ठिकाणे समोर येतात. याच लायब्ररीकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. संचात एक किल्ली मुख्य असते. नवे संदेश तिनेच बंद होतात आणि जुने उघडण्यासाठी जुन्या किल्ल्याही संचात राहतात. किल्ली बदलणे हा वापराचाच भाग आहे असे धरून इंटरफेस आखला, की नंतर ठिगळ लावावे लागत नाही.

शेवटची गोष्ट आज तुम्हाला दूरची वाटेल. तुमचाही इंटरफेस एक दिवस बदलावा लागेल. १.१.० ने स्ट्रक्चर झाकले तेव्हा नवी ‘गेट०’ आणि ‘सेट०’ फंक्शने आधीच्या १.०.२ मध्ये नव्हती. दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा एकच कोड लिहिणे त्यामुळे अशक्य झाले आणि ठिकठिकाणच्या प्रकल्पांनी तीच जोडफंक्शने आपापल्या कोडमध्ये लिहून घेतली. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करू देणारा ओपनएसएसएच हा काही किरकोळ प्रकल्प नव्हे. त्याच्या अधिकृत आवृत्तीत १.१ च्या इंटरफेसला आधार आला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये, ७.९ बरोबर, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने. नवे दार आधी उघडा, जुने आणि नवे दोन्ही उघडे असताना निदान एक आवृत्ती जाऊ द्या, आणि मग जुन्याला कडी घाला.

प्रश्न : १.१.१ नंतर एकदम ३.० कसे? २.० कोठे गेले?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : २.० हा क्रमांक ओपनएसएसएलच्या फिप्स मॉड्यूलने आधीच वापरला होता. घोटाळा टाळण्यासाठी तो सोडून दिला.

प्रश्न : ३.० वर गेल्यानंतर आमच्या सेवेत किल्ल्या वाचण्याचा वेळ स्पष्टपणे वाढला. प्रत्येक विनंतीला आम्ही पीईएम (किल्ली मजकूररूपात साठवण्याचा साचा) फाइलमधून किल्ली वाचतो. हा नव्या रचनेचा दोष की आमचा?
— एक सर्व्हर व्यवस्थापक, ठाणे

उत्तर : दोघांचा. जुन्या कोडला फाइल उघडताच पुढे काय करायचे ते ठाऊक असे. नव्या रचनेत ‘डीकोडर’ नावाचे घटक आळीपाळीने पुढे येतात : हे पीईएम आहे काय, आत कोणता साचा आहे, तो कोणत्या अल्गोरिदमचा, ती किल्ली कोणता प्रोव्हायडर सांभाळील. शिवाय अल्गोरिदम नावाने शोधताना सामायिक नोंदवहीवर कुलपे घ्यावी लागतात आणि अनेक थ्रेड असले की ते त्या कुलपापाशी रांग लावतात. ३.० मध्ये हा भार ठळकपणे जाणवला. पुढील आवृत्त्यांत तो बराच हलका केला गेला, त्यामुळे ३.० वरच थांबला असाल तर पुढे सरकावे.

परंतु प्रत्येक विनंतीला किल्ली फाइलमधून वाचण्याचे प्रयोजन आम्हाला दिसत नाही. सेवा सुरू होताना ती एकदा वाचा आणि तोच ‘ईव्हीपी_पीकी’ बिल्ला सर्व थ्रेडना वापरू द्या. त्याची संदर्भ-गणना त्यासाठीच आहे. प्रत्येक कामाचा संदर्भ, म्हणजे ‘ईव्हीपी_पीकी_सीटीएक्स’, मात्र ज्या त्या थ्रेडचा वेगळा ठेवा. हॅश आणि सायफर हेही ‘फेच’ करून एकदाच घ्या आणि जपून ठेवा. किल्लीची फाइल बदलली तर सेवेला तसा संकेत देऊन नवी किल्ली उचलायला लावा आणि चालू असलेली कामे जुन्या बिल्ल्यावर पूर्ण होऊ द्या.